सद्गुणाची मिरवणूक

ज्या घरांत गड्याच्या इमानदारीची पाहुण्यांपुढें वारंवार तारीफ चालते, त्या घरांत त्या गड्याचा पगार किती महिन्यांचा थकला आहे याची चौकशी करावी, असें मला फार दिवसांपासून वाटत आलें आहे. तारीफ फुकट असते. पगार रोख द्यावा लागतो. इटलींतील फुटबॉलच्या धंद्यांत २०११-१२ सालीं एक प्रकार घडला. तो सांगणारे बहुतेक जण त्याला नीतिकथेचें रूप देतात, आणि कथा संपली कीं समाधानानें उठून जातात. माझा आक्षेप त्या समाधानाला आहे.

सिमोने फारिना हें नांव वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या कानांवर आलें असेल. ज्यांचीं मुलें मध्यरात्रीपर्यंत जागून मिलान आणि युव्हेंतुस यांचे सामने पाहतात, त्यांच्या घरांतही तें उच्चारलें जात नसावें. हा गृहस्थ रोमचा. जन्म १९८२ चा. रोमा क्लबच्या युवकसंघांत तो तयार झाला. तेथून वर चढण्याऐवजीं तो खालच्या पायऱ्या उतरला, आणि काटानिया, चित्तादेल्ला, ग्वाल्दो, चेलानो असे क्लब करीत करीत २००७ सालीं उंब्रिया प्रांतांतील गुब्बिओ या डोंगरउतारावरच्या जुन्या गांवीं येऊन स्थिरावला. जागा बॅकची. गुब्बिओचा क्लब तेव्हां चौथ्या श्रेणींत होता. २०१० आणि २०११ या दोन वर्षीं लागोपाठ बढती मिळवून त्यानें सेरी बी, म्हणजे दुसरी श्रेणी, गांठली. १९४७-४८ च्या हंगामानंतर त्या गांवाला ती श्रेणी दिसली नव्हती.

त्या वर्षीच्या शरदऋतूंत फारिनाकडे रोमाच्या दिवसांतला एक जुना सोबती आला. नोव्हेंबरच्या ३० तारखेस इटालियन चषकाच्या स्पर्धेंत चेझेना विरुद्ध गुब्बिओ असा सामना व्हावयाचा होता. त्याचा निकाल आधीं ठरवून घ्यावा, त्याबद्दल दोन लक्ष युरो मिळतील, ते फारिनानें व त्याच्या कांहीं सोबत्यांनीं वांटून घ्यावे, असा सौदा त्यानें पुढें केला. फारिनानें नकार दिला. नकारापर्यंत पुष्कळ जण जात असतील. हा मनुष्य पुढें गेला आणि त्यानें वर्दीही दिली. क्रेमोना येथील सरकारी वकील रोबेर्तो दि मार्तिनो यांची या विषयावरील चौकशी आधींच चालू होती. तिचा उगम तिसऱ्या श्रेणींतल्या एका सामन्यांत होता: १४ नोव्हेंबर २०१० रोजीं क्रेमोनेझे-पागानेझे सामना झाल्यावर क्रेमोनेझेचे खेळाडू गुंगी येऊन आजारी पडले, आणि त्यांच्या पेयांत औषध कालविल्याचा संशय त्यांच्याच गोलकीपरवर आला. फारिनाच्या वर्दीनें त्या चौकशीला जोर चढला, आणि १९ डिसेंबर २०११ रोजीं सतरा जणांना अटक झाली. त्यांत २००२ च्या विश्वचषकाच्या इटालियन संघांतला एक नामांकित खेळाडूही होता.

मग मिरवणूक निघाली. ९ जानेवारी २०१२ रोजीं झुरिच येथें फिफाचा वार्षिक समारंभ झाला. लिओनेल मेस्सीला तिसऱ्यांदां सोनेरी चेंडू मिळाला तो हाच. त्या समारंभास फारिनाला बोलावून अध्यक्ष सेप ब्लाटर यांनीं त्याला सचोटीचा राजदूत म्हणून गौरविलें. (या अध्यक्षमहाशयांना २०१५ सालीं फिफाच्याच नीतिसमितीनें खेळाच्या कारभारांतून आठ वर्षांसाठीं दूर केलें. स्विस न्यायालयांनीं पुढें त्यांना दोषमुक्त ठरविलें हें खरें. तरी सचोटीचीं प्रशस्तिपत्रें कोण वांटीत होतें एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.) इटलीच्या राष्ट्रीय संघाचे शिक्षक चेझारे प्रांदेल्ली यांनीं त्याला आपल्या संघाबरोबर सराव करण्यास पाचारण केलें. प्रांदेल्लींचा हेतु शुद्ध होता याविषयीं मला शंका नाहीं.

नंतर उन्हाळा आला. गुब्बिओ सेरी बी मधून परत खालीं घसरला. तीस वर्षांचा फारिना खेळाडू म्हणून कामावेगळा झाला, आणि देशांत त्या वेळीं शंभरांहून अधिक धंदेवाईक क्लब असतां त्यांपैकीं एकाच्याही बचावाच्या फळींत तो पुन्हां दिसला नाहीं. त्याच वर्षीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहराच्या अ‍ॅस्टन व्हिला क्लबानें त्याला स्थानिक मुलांना खेळ शिकविण्याच्या कामावर घेतलें.

यावर दोन खुलासे ऐकूं येतात. पहिला असा कीं, वर्दी देणारा कोणासच आवडत नाहीं. धंद्यानें त्याला मुकाट्यानें वाळींत टाकलें. असेलही. परंतु मुकाट्यानें केलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतात, आणि पुराव्यावांचून शंभर क्लबांवर एक आरोप ठोकून देणें मला प्रशस्त वाटत नाहीं. दुसरा खुलासा अधिक शहाण्या लोकांचा आहे, आणि म्हणूनच तो मला अधिक झोंबतो. ते म्हणतात, "अहो, मनुष्य थोर, पण खेळाडू सामान्य! सद्गुणासाठीं का कोणी बॅक विकत घेतो?"

खेळाडू सामान्य! हा शब्द उच्चारतांना जी एक सहज तुच्छता ओंठांवर येते, तिच्याशींच माझें भांडण आहे.

इटलीच्या फुटबॉलची जगांत जी ख्याति झाली ती गोल करण्यानें झालेली नाहीं, गोल अडविण्यानें झाली. तेथल्या खेळपद्धतीचें नांवच मुळीं 'कातेनाच्चो', म्हणजे दाराचा अडसर. ज्या १९४७-४८ च्या हंगामांत गुब्बिओ दुसऱ्या श्रेणींत धडपडत होता, त्याच हंगामांत नेरेओ रोक्को यांनीं त्रिएस्तिना या साधारण क्लबाला बचावाच्या जोरावर पहिल्या श्रेणींत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलें. बॅकांच्या रांगेच्याही मागें उभा राहून चुका सांवरणाऱ्या गड्याला 'लिबेरो', म्हणजे मोकळा, हें नांव जान्नी ब्रेरा या पट्टीच्या लेखकानें दिलें, आणि तें साऱ्या युरोपभर रूढ झालें. असा ज्या देशाचा इतिहास, त्या देशांत दाराला अडसर घालणाऱ्यांची संख्या मोठी असावयाचीच. आणि अडसर बहुतेक साध्या लांकडाचेच असतात. चंदनाचे कोणी करीत नाहीं.

खालच्या श्रेणींतील बॅकचें वर्ष कसें जातें तें पाहण्यासारखें आहे. त्याचा करार जूनच्या ३० तारखेस संपतो, आणि पुष्कळदां तो एकाच वर्षाचा असतो. जुलैंत इतर खेळाडू डोंगरांतल्या शिबिरांत पळण्याची तयारी करीत असतात, तेव्हां हा फोनकडे डोळे लावून बसतो. खेळाडूंचा जो संघ आहे तो अशा करारावांचून राहिलेल्यांसाठीं उन्हाळ्यांत निराळें शिबिर भरवितो. तेथें तिशीचे गृहस्थ कोणत्याच क्लबाचा नसलेला गणवेष घालून धांवतात, म्हणजे निदान पाय तरी गंजूं नयेत. करार मिळाला कीं बिऱ्हाड हलवावयाचें. नवें गांव, नवी शाळा, बायकोला नवी मंडई. रविवारीं ज्या फॉरवर्डला अडवावयाचें तो बहुधा वयानें लहान आणि पायानें चपळ. फॉरवर्डच्या दहा चुका होऊन अकराव्या वेळीं गोल झाला तर दुसऱ्या दिवशीं त्याचें चित्र छापून येतें. बॅकनें दहा वेळां दार राखलें आणि अकराव्या वेळीं पाऊल घसरलें, कीं त्या पावलाचें चित्र छापून येतें.

त्यांतच अलीकडच्या नियमांनीं त्याच्यापुढें नवा पेंच टाकला आहे. तिसऱ्या श्रेणींत तरुण खेळाडूंना जितका वेळ खेळवावें तितकें क्लबास अनुदान मिळतें. चौथ्या, म्हणजे नांवानें हौशी असलेल्या श्रेणींत कांहीं तरुण मैदानांवर ठेवणें सक्तीचेंच आहे. तरुणांना संधि द्यावी हें कोण नाकारील? पण ती संधि ज्याच्या खुर्चीवरून उठवून दिली जाते तो बहुतेक तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला बॅकच असतो. वीस गोल करणाऱ्याला कोणी उठवीत नाहीं. हंगाम सरत आला म्हणजे बढतीचे आणि घसरणीचे सामने याच माणसांच्या छातीवर लढविले जातात. गुब्बिओच्या दोन बढत्या मेस्सीनें मिळवून दिल्या नाहींत.

येथें कोणी तरी ठेवणींतलीं नांवें बाहेर काढतो. मोरेनो तोर्रिचेल्ली पाहा! लांकडी सामानाच्या कारखान्यांत काम करीत हौशी क्लबांत खेळणारा हा बॅक १९९२ सालीं युव्हेंतुसनें उचलला, आणि १९९६ सालीं तो युरोपचा विजेता झाला. फाबिओ ग्रोस्सो पाहा! किएतीच्या क्लबांतून चौथ्या श्रेणींत खेळलेला हा गडी. ९ जुलै २००६ रोजीं बर्लिन येथें फ्रान्सविरुद्ध विश्वचषक जिंकून देणारी शेवटची पेनल्टी त्याच्याच पायाची. त्याच सामन्यांत इटलीचा एकमेव मैदानी गोल करणारा मार्को मातेरात्सी. तोही मार्साला, त्रापानी, कार्पी अशा गांवांची धूळ खाऊन आलेला बॅक. म्हणजे गुण असला कीं मनुष्य वर येतोच!

या युक्तिवादाला आपल्याकडेही फार मान आहे. दिव्याखालीं अभ्यास करून मोठ्या पदाला चढलेल्या पांच माणसांचीं चरित्रें मुलांच्या हातीं दिलीं, कीं रस्त्यांवर दिवे पुरेसे आहेत असें सिद्ध होतें. ग्रोस्सो वर आला यावरून ग्रोस्सोचा गुण तेवढा कळतो. ज्या जिन्यानें तो आला त्याच्या कठड्याविषयीं कांहींच कळत नाहीं. आणि मी ज्या माणसाविषयीं लिहितों आहें तो वर न आलेला आहे. तो कधींच वर येणार नव्हता. त्याला वर येण्याचा अधिकार आहे असें माझें म्हणणें नसून, जेथें आहे तेथें त्याला महिन्याच्या महिन्याला वेतन मिळण्याचा अधिकार आहे, एवढेंच आहे.

तें मिळतें का? १७ फेब्रुवारी २०१९ रोजीं तिसऱ्या श्रेणींत कूनेओ विरुद्ध प्रो पिआचेंझा असा सामना झाला. पिआचेंझाच्या या धाकट्या क्लबानें खेळाडूंचे पगार महिनोन्महिने दिले नव्हते, आणि खेळाडूंनीं काम बंद केलें होतें. सामने सोडून दिल्यास क्लब बाद होणार, म्हणून चालकांनीं कशीबशी सात-आठ माणसें उभीं केलीं: बहुतेक पोरें, आणि त्यांच्यांत अंगमर्दनाचें काम करणारा एक गृहस्थही. निकाल २०-०. दुसऱ्याच दिवशीं तो सामना रद्द झाला आणि क्लब स्पर्धेंतून काढला गेला. क्लब बुडाला तरी खेळाडूंचें वेतन बुडूं नये म्हणून हंगामाच्या आधीं हमीपत्र द्यावें लागतें; पण त्या वर्षीं तिसऱ्या श्रेणींतील कांहीं क्लबांनीं ज्या संस्थेचें हमीपत्र दिलें होतें ती संस्थाच अग्राह्य ठरली. साऱ्या इटलीला लाज वाटली, वर्तमानपत्रांनीं अग्रलेख लिहिले. त्यानंतर एप्रिल २०२२ मध्यें काटानिया, ज्या क्लबांत फारिना एके काळीं होता तोच, हंगाम पुरा होण्यापूर्वींच मोडला. मार्च २०२५ मध्यें तारांतो आणि तुर्रिस हे दोन क्लब एकाच श्रेणींतून मध्येंच वगळले गेले.

गुब्बिओ गांवाची जगांत दुसरी एक प्रसिद्धि आहे, आणि ती फारिनापेक्षां आठशें वर्षें जुनी आहे. तेथें एक लांडगा माजला होता. तो गुरें खाई, माणसेंही खाई. असीसीचे संत फ्रान्सिस त्याला सामोरे गेले आणि त्यांनीं त्याला बंधु म्हणून हांक मारली. इथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, आणि चित्रकारही एवढीच रंगवितात. पण कथेचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. संतांनीं लांडग्याला नुसता उपदेश केला नाहीं. त्यांनीं गांवकऱ्यांना बोलावून करार केला: लांडग्यानें कोणास इजा करूं नये, आणि गांवानें त्याला रोज खावयास घालावें. "हा भुकेपोटीं असा वागतो," हें त्या साधूनें भर चौकांत कबूल केलें. पुढें तो लांडगा दारोदार फिरून जेवीत असे, आणि म्हातारा होऊन मेला. झुरिचच्या व्यासपीठावर जमलेल्या मंडळींना हा कराराचा भाग कोणी वाचून दाखविला नसावा.

खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें फेब्रुवारी २०१२ मध्यें, म्हणजे फारिनाची मिरवणूक चालू असतांनाच, पूर्व युरोपांतील धंदेवाईक खेळाडूंच्या स्थितीचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत शेंकडा चाळिसांहून अधिक खेळाडूंनीं आपला पगार वेळेवर मिळत नाहीं असें सांगितलें होतें, आणि पगाराची ओढाताण व निकाल विकण्याचीं आमिषें हीं हातांत हात घालून चालतात हें त्यांतून दिसत होतें. तो भाग इटलीचा नव्हे, हें मान्य. पण थकलेल्या पगाराला देशाची सीमा कळते, असें मानावयास मला आधार दिसत नाहीं.

आतां वाचक मला बरोबर जागीं पकडतील. 'तर मग ज्याचा पगार थकला त्यानें सामना विकला तर क्षम्य, असें का प्रोफेसरसाहेबांचें मत?' मुळींच नाहीं. शिवाय मीच वर सांगितलें आहे कीं, अटक झालेल्यांत एक नामांकित, सुखवस्तु खेळाडू होता. त्याच्या घरीं चूल विझली नव्हती. लोभाला भुकेची गरज नसते. दारिद्र्यानेंच माणसें भ्रष्ट होतात असें म्हणणें हा दरिद्री पण प्रामाणिक असलेल्या हजारों माणसांचा अपमान आहे, आणि फारिना स्वतः त्याला उत्तर आहे. माझा आरोप वेगळा आहे. नियमानें तर वर्दी देणें प्रत्येक खेळाडूवर बंधनकारकच आहे. न देणाऱ्याला शिक्षा आहे. असें असतां एका माणसानें नियम पाळला म्हणून त्याला स्वित्झर्लंडपर्यंत नेऊन शाल-नारळ द्यावा लागला, याचा अर्थ नियम पाळला जाईल अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. सत्कारानें फारिनाचा मोठेपणा दिसला तितकीच सत्कार करणाऱ्यांची कबुलीही दिसली. आणि कबुली दिल्यावर त्यांनीं काय केलें? टाळ्या वाजविल्या, आणि बाकीच्या दोन-तीन हजार फारिनांना सांगितलें कीं, असे व्हा. असें झाल्यावर पुढच्या जुलैंत काय होतें, तें त्या सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

या धंद्यांत जे थोडेबहुत हक्क आले ते सत्कारांतून आलेले नाहींत. फार दिवस इटलींत खेळाडू म्हणजे क्लबाची मालमत्ता होती. करार संपला तरी क्लबाचा दोर गळ्यांतून सुटत नसे. १९६८ च्या जुलैंत मिलान येथें खेळाडूंनीं आपला संघ स्थापिला. रिव्हेरा आणि मात्सोला यांसारखे त्या काळचे देव त्यांत होते, पण अध्यक्षपद विचेंत्साचा माजी खेळाडू व वकील सेर्जिओ काम्पाना यांच्याकडे दिलें गेलें, आणि तें त्यांनीं २०११ पर्यंत सांभाळलें. वकिलाला निवडलें, यांतच त्या मंडळींचें शहाणपण दिसतें. १९७८ सालीं मिलानच्या एका न्यायाधीशानें खेळाडूंचा बाजारच रोखून धरला, तेव्हां सरकार जागें झालें. आणि २३ मार्च १९८१ च्या कायद्यानें धंदेवाईक खेळाडू हा वेतनावर काम करणारा मनुष्य आहे असें ठरून तो दोर क्रमाक्रमानें सोडावयाचें ठरलें. खालच्या 'हौशी' श्रेणींतल्यांना श्रमिक म्हणून ओळख मिळावयास मात्र जुलै २०२३ उजाडावा लागला. मधल्या चाळीसांहून अधिक वर्षांत किती बॅक या श्रेणींतून आले आणि गेले, त्यांचीं नांवें विचारूं नका. ती यादी कोणी ठेविली नाहीं.

कोणी म्हणेल, मग फारिनाला केवळ प्रामाणिक म्हणून क्लबांनीं घ्यावयास हवें होतें काय? क्लबाला बॅक नको असेल तर त्यानें बॅक घेऊं नये. पण ज्या धंद्यांत रोज नवीं पोरें शिकावयास येतात, ज्यांना पहिला मोह कोठून, कोणत्या जुन्या मित्राच्या रूपानें येतो हें सांगणारा अनुभवी मनुष्य पाहिजे असतो, त्या धंद्याला त्याच्या गुणाचा उपयोग नव्हता, हें म्हणणें मला पटत नाहीं. बर्मिंगहॅमच्या क्लबाला तो उपयोग दिसला. त्यांनीं त्याला सोनेरी चेंडूच्या शेजारीं उभें केलें नाहीं. गल्लींतलीं पोरें जमवून दिलीं, मैदान दिलें, आणि कामावर हजर होण्याचा दिवस कळविला.